बिंग्लीचे पाच लॉक: घरी आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो

लीड्सला येऊन मला बरीच वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की लंडन, एडिंबरा वगैरे ते आपलं आपण बघून येतात, पण एक दिवस माझ्या ताब्यात असतो आणि त्या दिवशी मी त्यांना ट्रेननं जवळच्या बिंग्ली गावाला, तिथले लीड्स-लिव्हरपूल कॅनॉलवरचे पाच लॉक दाखवायला नेतो. आई-बाबा झाले, सासरचे झाले, आत्या झाली, कॉलेजचे मित्र झाले, मित्रांचे सासू-सासरेसुद्धा झाले. माणसं बदलतात पण प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पुढच्या पाहुण्याला आधीच पाठवून देईन, म्हणजे तिथं पोचल्यावर मला निवांत चहा पिता येईल.

लॉक म्हणजे कुलूप ना? मग कुलूप कुठंय?

हा प्रश्न आत्याचा, आणि ती अगदी मनापासून शोधत होती. लॉक म्हणजे कालव्यातला एक दगडी हौद, ज्याला दोन्ही टोकांना दारं असतात. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, मग हौदात पाणी सोडलं की बोट आपोआप वर येते आणि सोडून दिलं की खाली जाते. बोटीची लिफ्टच म्हणा ना. फक्त या लिफ्टला दोर नाही, वीज नाही आणि बटणही नाही. पुस्तकात ‘जलपाश’ असा शब्द सापडतो, पण तो बोलताना कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही, त्यामुळे आपण लॉकच म्हणू.

(खरं कुलूपही आहे बरं का. लॉक सांभाळणारे लॉक-कीपर घरी जाताना सगळं साखळी लावून बंद करून जातात. आत्याला ते दाखवलं तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.)

पण एवढा खटाटोप कशाला? कालवा उतारावरून सरळ खाली आणला असता तर?

इथं आपल्या डोक्यात कालवा म्हटलं की पाटबंधाऱ्याचा कॅनॉल येतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पुण्यातून जाणारा मुठा कालवा घ्या, त्याला खडकवासल्यापासून हलकासा उतार दिलाय कारण त्याचं कामच पाणी वाहून नेणं आहे. हा कॅनॉल पाणी नेत नाही, बोटी नेतो. त्यामुळे पाणी जवळजवळ स्थिर, तळ्यासारखं सपाट पाहिजे, नाहीतर एकाच घोड्यानं पन्नास टनांची बोट दोन्ही दिशांना ओढायची कशी? (हो, घोड्यानं. काठानं जी पायवाट दिसते ती घोड्यासाठीच होती.) म्हणजे कॅनॉल हा सपाट तुकड्यांचा बनलेला असतो, आणि जिथं डोंगरउतार येतो तिथं एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर उतरायला लॉकची पायरी करावी लागते.

बिंग्लीच्या वरचा असा सपाट तुकडा जवळपास १७ मैलांचा आहे, पार गारग्रेव्ह गावापर्यंत मध्ये एक लॉक नाही. आणि मग बिंग्लीत येऊन एकदम सगळा उतार अंगावर येतो.

पंप कुठं बसवलाय?

बाबा जन्मभर शेतीपंपांच्या धंद्यात, त्यामुळे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मोटर शोधायला सुरुवात केली. मोटर नाही, पंप नाही, लाइटचं कनेक्शन नाही. दारांना आणि भिंतींना खाली झडपा आहेत, इथले लोक त्याला पॅडल म्हणतात, त्या हातानं फिरवायच्या हँडलनं दातेरी पट्टीवर उचलल्या जातात. झडप उचलली की वरच्या हौदातलं पाणी स्वतःच्या वजनानं खालच्या हौदात येतं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की येणं थांबतं. बस. एवढंच तंत्र आहे आणि १७७४ पासून तेच चालू आहे. बाबा त्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणजे मेंटेनन्सला ग्रीस सोडून काय लागत नाही की!” अगदी तसं नाही, दारांचं पुढे येतंच.

पाचही लॉक एकमेकांना चिकटवलेत ते का?

कारण जागाच तशी आहे. साधारण ९८ मीटर लांबीत १८ मीटर चढायचंय, म्हणजे जवळजवळ पाचास एक असा चढ. ब्रिटनमधला हा सगळ्यात खडा लॉकचा जिना. सुटे पाच लॉक बांधायचे तर प्रत्येक दोघांच्या मध्ये बोट उभी राहील एवढी सपाट जागा सोडावी लागते, आणि तेवढी इथं मिळणार कुठून. म्हणून एका लॉकचं वरचं दार हेच पुढच्या लॉकचं खालचं दार, असं करून पाच हौद एकावर एक रचले. याला स्टेअरकेस म्हणतात. दगडकामही वाचतं, आणि सुट्या पाच लॉकना दारांच्या दहा जागा लागल्या असत्या तिथं सहात भागतं. मात्र मधली दारं भयंकर उंच होतात, कारण त्यांना वरच्या हौदाचं पाणीही अडवायचं असतं आणि खालच्या हौदाच्या तळापर्यंतही पोचायचं असतं. हौद रिकामा असताना वरून वाकून बघा (बेतानंच), मग कळतं.

या पाचांच्या जिन्याला फायव्ह राइज म्हणतात. त्याच्या खाली चालत दोन-पाच मिनिटांवर तिघांचा अजून एक जिना आहे, थ्री राइज. स्टेशनवरून आलात तर तोच आधी लागतो, आणि निम्मे पाहुणे तिथंच फोटो काढून “झालं का बघून?” म्हणतात. झालं नाही, पुढं चला.

बोट वर नेमकी कशी चढते? सावकाश सांग.

जिन्याच्या पाच पायऱ्यांवर पाच बादल्या ठेवल्यात असं समजा. सगळ्यात खालची १ नंबर, वरची ५.

वर जायचं असेल तर आधी तयारी अशी लागते की १ नंबर रिकामी आणि २ ते ५ भरलेल्या. बोट १ मध्ये येते, दार लागतं. आता २ मधलं पाणी १ मध्ये सोडायचं. १ भरली, २ रिकामी झाली, दोन्हीची पातळी एक, मधलं दार उघडलं, बोट २ मध्ये. मग ३ चं पाणी २ मध्ये, बोट ३ मध्ये. असं करत करत शेवटी ५ नंबर वरच्या कॅनॉलमधून भरून घ्यायची आणि बोट बाहेर. म्हणजे बघा, बोट वर चढते पण पाणी प्रत्येक वेळी खालीच उतरतंय. हे जे उलटंपालटं आहे ना ते डोक्यात बसायला मला स्वतःला तीन फेऱ्या लागल्या.

खाली यायचं तर तयारी बरोबर उलटी: ५ नंबर भरलेली आणि बाकी चारही रिकाम्या. वरच्या बादलीतलं पाणी बोटीसोबत एकेक पायरी खाली येतं, तेच पाणी, पाचही वेळा.

तयारी चुकली तर काय होतं?

खाली येताना पुढचा हौद आधीच भरलेला असेल तर वरून सोडलेलं पाणी जाणार कुठं, ते काठावरून सांडायला लागतं. वर जाताना पुढचा हौद रिकामा असेल तर बोट उचलायला पाणीच नाही, बसा खाली वाट बघत. म्हणूनच इथं बोटवाल्यांना स्वतःच्या मनानं काही करू देत नाहीत, लॉक-कीपर आणि त्यांचे व्हॉलंटियर आधी वरपासून खालपर्यंत फेरी मारतात, कुठल्या हौदात किती पाणी आहे ते डोळ्यांनी बघतात आणि मगच पहिली झडप उचलतात. मी त्यांना कितीदा बघितलंय, बोटीकडे त्यांचं लक्ष शेवटी जातं, आधी पाण्याकडे.

मग एक बोट वर, एक खाली अशी आलटून पालटून का सोडत नाहीत? ते बिचारे तासभर थांबलेत.

वरचं कळलं असेल तर याचं उत्तर तुम्हीच द्याल. एक बोट वर गेली की पाचही हौद भरलेले उरतात, म्हणजे पुढच्या वर जाणाऱ्या बोटीसाठी फक्त १ नंबर रिकामा केला की झालं. पण लगेच दुसरी खाली आणायची तर चार भरलेले हौद रिकामे करत बसा. म्हणून दोन-तीन वर, मग दोन-तीन खाली, असं चालतं. मध्ये क्रॉस होता येत नाही, घाटातल्या सिंगल रोडसारखं आहे. एका बोटीला तास-सव्वा तास धरून चला. उद्घाटनाच्या दिवशी पहिली बोट म्हणे २८ मिनिटांत खाली उतरली होती, पण त्या दिवशी सगळे हौद आणि सगळी माणसं तिच्याच दिमतीला होती ना.

नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद असते आणि लॉक १४ फुटांचा, त्यामुळे दोन बोटी शेजारी शेजारी एकदम जातात. लॉकमध्ये शेजार मिळाला की अनोळखी लोक पाच पायऱ्या संपेपर्यंत एकमेकांच्या कुत्र्यांची नावंसुद्धा पाठ करतात.

एका खेपेला किती पाणी जातं? वाया नाही का?

मी हिशेब मांडलाय. एक हौद साधारण १९ मीटर लांब, सव्वाचार मीटर रुंद, पायरीची उंची साडेतीन मीटरच्या वर. गुणाकार केला की ३ लाख लिटरच्या आसपास येतं, म्हणजे आपल्याकडचे १० हजार लिटरचे ३० टँकर. माझे सासरे माण तालुक्यातले. आकडा ऐकून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि “तीस टँकर? एका होडीला?” असं जे म्हणाले ते मी विसरणार नाही.

वाया म्हणाल तर, ते पाणी खालच्या तुकड्यात जातं, पुढच्या लॉकला तेच कामी येतं. पण वरचा तुकडा तेवढ्यानं कमी होतो आणि तो भरायला डोंगरातले तलाव लागतात, विंटरबर्न, फॉलरिज, बॅरोफर्ड असे. आणि यॉर्कशायरला पाऊस पडत नाही असं वर्ष येतं, हसू नका, येतं. २०१० च्या उन्हाळ्यात विगनपासून गारग्रेव्हपर्यंतचा कॅनॉल पाण्याअभावी बंद ठेवावा लागला होता. त्यामुळे उन्हाळ्यात येणार असाल तर निघायच्या आधी चालू आहे का बघून घ्या.

एवढं मोठं लाकडी दार एक माणूस कसं उघडतो?

माणूस सोडा, माझ्या आईनं उघडलंय. वय ६८, नऊवारी नाही पण साडीच, पायात माझ्या बायकोचे स्पोर्ट्‌स शूज. दाराच्या वर आडवा लांब ओंडका असतो, बॅलन्स बीम, तो ढकलायचा. आईनं हातानं जोर लावला, ढिम्म हललं नाही. लॉक-कीपर आजोबा हसत आले, खुणेनं म्हणाले उलटं फिरा, पाठ टेका, पाय जमिनीतल्या विटांच्या कडांना लावा, आणि थांबा. जोर नाही करायचा, नुसतं टेकून उभं राहायचं. अर्धा मिनिट काही नाही. आतल्या पाण्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, मग बंदच झाला, आणि त्या क्षणी ओंडका आईच्या पाठीमागे लोण्यासारखा सरकायला लागला. ती इतकी दचकली की पडता पडता राहिली.

कारण सोपं आहे. दोन्हीकडच्या पाण्यात वीतभर जरी फरक असला तरी दारावर काही टनांचा दाब असतो, दहा पैलवान लावले तरी उघडणार नाही. फरक संपला की म्हातारी बाईही उघडते. दाराची दोन पानं सरळ रेषेत न मिटता इंग्रजी व्हीसारखी टोक वरच्या पाण्याकडे करून मिटतात, त्यामुळे पाणी जितकं जास्त दाबेल तितकी ती एकमेकांवर घट्ट बसतात. कडी-कोयंडा काही नाही, पाण्यानंच दार लावलंय. या युक्तीचं श्रेय लिओनार्दो दा विंचीला देतात, मिलानमध्ये असताना त्यानं ही दारं केली म्हणून. नुसता दोन दारांचा हौद मात्र त्याच्याही कितीतरी आधीचा, चीनमध्ये ९८४ साली छियाओ वेइ-युए नावाच्या अधिकाऱ्यानं ग्रँड कॅनॉलवर बांधला होता.

दारातून पाणी गळतंय, कुणाला तरी सांगायला हवं ना?

नको. थोडं गळणारच, लाकडाचं दार आहे. सगळ्या फटींतून पिचकाऱ्या उडतात, त्यात शेवाळ, नेचे उगवलेले असतात, ऊन असेल तर छोटं इंद्रधनुष्यही दिसतं. ओक लाकूड ओलं राहिलं की फुगून फटी बुजतात, कोरडं पडलं तरच खरा प्रॉब्लेम. दारांचं आयुष्य साधारण २५ वर्षं, मग नवी. असली दारं वेकफिल्डजवळ स्टॅन्ली फेरीच्या वर्कशॉपमध्ये अजून हातानं बनवतात. २०१२ मध्ये इथली दारं बदलली तेव्हा हौद कोरडे करून लोकांना तळात उतरून बघू दिलं होतं. मी तेव्हा इथं नव्हतो, ही माझी एक कायमची हळहळ.

कधी बांधलं? आणि कुणी?

२१ मार्च १७७४ ला उघडलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर नारायणराव पेशव्यांचा खून होऊन सात महिने झाले होते, बारभाईंचं कारस्थान रंगात आलं होतं, आणि सवाई माधवराव पुरंदरावर जन्माला यायला अजून महिना बाकी होता. बाबांना सनावळीत काही सांगायचं तर मी हेच सांगतो, मग त्यांना काळ बरोबर लागतो.

आराखडा हॅलिफॅक्सच्या जॉन लाँगबॉटमचा. बांधणारे चार जण, सगळे इथलेच गवंडी: बिंग्लीचा बार्नबस मॉर्व्हिल, जोनाथन फॅरार, विल्यम वाइल्ड आणि जॉन सग्डन. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की गवंड्यांची नावं राहिलीत. आपल्याकडचे किल्ले, घाट, बारवा आठवा, बांधवून घेणाऱ्याचं नाव शिलालेखात आणि घडवणाऱ्याचं नाव कुठंच नाही, अपवाद म्हणजे रायगडावरचा हिरोजी इंदुलकर.

उद्घाटनाला ३०,००० लोक जमले होते असं सांगतात. चर्चच्या घंटा वाजल्या, बंदुका उडवल्या. जत्राच की! आज हे ग्रेड वन वारसा बांधकाम आहे, म्हणजे दर्जातला सगळ्यात वरचा.

पूर्ण कॅनॉल कुठून कुठं जातो?

नावातच आहे, लीड्स ते लिव्हरपूल. १२७ मैल, ९१ लॉक, मध्ये पेनाइन डोंगर ओलांडून. काम १७७० ला सुरू झालं आणि पुरं झालं १८१६ ला. ४६ वर्षं! आपल्याकडच्या रखडलेल्या प्रकल्पांना नावं ठेवताना हे लक्षात ठेवायचं. कारणंही ओळखीचीच आहेत, पैसे संपले, अमेरिकेतलं युद्ध आलं, आणि मुळात दोन्हीकडच्या मंडळींचं मार्गावरून भांडण. यॉर्कशायरवाल्यांना चुनखडी आणायची होती म्हणून उत्तरेकडून हवा होता, लँकेशायरवाल्यांना आपल्या कोळशाच्या खाणींजवळून हवा होता. बिंग्लीचा भाग पैसे संपायच्या आधी झाला म्हणून इतका देखणा झाला असं माझं मत.

सिमेंट नव्हतं तर पाणी जिरत कसं नाही?

चिकणमाती. पाणी घालून तुडवून तुडवून लोण्यासारखी करायची आणि तळाला, बाजूंना थर द्यायचे, त्याला पडल क्ले म्हणतात. माणसं बुटांनी तुडवायची, कुठं कुठं गुरं फिरवायचे. गणपतीची माती किंवा विटांचा चिखल तुडवताना बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अट एकच, ती कधी वाळू द्यायची नाही, वाळली की भेगा. लॉकचे हौद मात्र दगडात आहेत.

गाईची गोष्ट खरी आहे का?

मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मी फेकतोय असं समजतो. पुढं कोल्न गावाजवळ याच कॅनॉलवर फॉलरिजचा बोगदा आहे, १,६४० यार्ड, म्हणजे दीड किलोमीटर, आत मिट्ट काळोख. १९१२ मध्ये एक गाय एका तोंडाशी पाण्यात पडली, आणि परत फिरायचं सोडून बोगद्यातून पोहत पार दुसऱ्या टोकाला निघाली. तिथं लोकांनी तिला बाहेर काढून दारू पाजून शुद्धीवर आणलं. बटरकप तिचं नाव. आत्या म्हणाली, “गाईला दारू?” आणि संपूर्ण सहलीत तिला हाच मुद्दा सगळ्यात जास्त लागला.

अजून माल जातो का यातून?

नाही. विगनच्या वीजकेंद्राला कोळसा जायचा तो १९७२ मध्ये थांबला, तो शेवटचा नियमित माल. आता सगळं सुट्टीवाल्यांचं आणि बोटीवरच घर करून राहणाऱ्यांचं राज्य. २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था हे सगळं सांभाळते.

आपल्या कापसाचा याच्याशी काही संबंध आहे?

आहे, आणि चांगला आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि मग खानदेश-वऱ्हाडापासून गुजरातपर्यंतच्या कापसाला मुंबई बंदरात सोन्याचा भाव आला. तो माल लिव्हरपूलला उतरायचा आणि तिथून ब्लॅकबर्न, बर्नलीकडच्या गिरण्यांत जायचा, ज्या याच कॅनॉलच्या काठाला होत्या. तिथले कामगार आपल्या सगळ्याच कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणायचे आणि मनसोक्त शिव्या द्यायचे, धागा आखूड, कचरा फार, सारखा तुटतो म्हणून. इकडे मुंबईत त्या पैशावर शेअरचा फुगा फुगला, बॅक बेच्या भरावाचे शेअर काय भावाला गेले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फटकन फुटला. बिंग्लीकडची बाजू मात्र लोकरीची, इथं चर्चा मेंढ्यांची.

इंग्रजांनी आपल्याकडे असलं काही का नाही बांधलं?

बांधलं की. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आपली गोदावरी खाली आंध्रात धवळेश्वरमला पोचते, तिथं आर्थर कॉटननं १८५२ पर्यंत बंधारा पुरा केला आणि त्रिभुज प्रदेशातले कालवे असे केले की शेतीला पाणी आणि बोटींना वाट, दोन्ही. त्यावर लॉक आहेत. महाराष्ट्रात मात्र सह्याद्री, काळा कातळ, चार महिने पूर आणि आठ महिने कोरडं पात्र, त्यात बोटीचा कालवा परवडणार कुणाला. आपल्याकडचे कालवे म्हणून शेतीचेच राहिले.

पण लॉक बघायचाच असेल तर मुंबईत आहे! इंदिरा डॉक, आधीचं अलेक्झांड्रा डॉक, १९१४ चं. भरती-ओहोटीनं बाहेरचं पाणी कितीही वरखाली झालं तरी आतली जहाजं तरंगती राहावीत म्हणून त्याच्या तोंडाला लॉक आहे. १९१४ लाच पनामा कालवाही उघडला, आणि तिथल्या गाटुनला तीन पायऱ्यांचा जिना आहे, म्हणजे आपल्या बिंग्लीचाच आडदांड नातू.

लहान मुलं घेऊन गेलो तर चालेल? धोका किती?

चालेल, पण हात धरून. काठाला रेलिंग नाही, हौद रिकामा असताना खोल विहीरच, दगड शेवाळलेले आणि पाणी उन्हाळ्यातही थंडगार. दारावरून पलीकडे जाणं, हौदाच्या काठाशी पाठमोरं उभं राहून सेल्फी काढणं, हे प्रकार नकोत.

बोटीवर असाल तर सिलपासून सांभाळा. वरच्या दाराखाली पाण्यात बुडालेला दगडी उंबरा असतो तो सिल. खाली उतरताना बोट मागे राहिली तर पाणी कमी होता होता बोटीचं बूड त्या उंबऱ्यावर टेकतं आणि पुढचं टोक खाली जायला लागतं. हे मी ऐकून सांगत नाही. एका सुट्टीत बोट भाड्यानं घेतली होती, बिंग्ली नाही, दुसरा एक साधा सुटा लॉक होता, मी सुकाणूवर आणि मोबाईलवर व्हिडिओ करण्यात दंग. आतून कपबश्या सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं बायको काहीतरी लावतेय. मग चहाचं पातेलंच घरंगळलं आणि काठावरचा एक कुत्रेवाला गृहस्थ जिवाच्या आकांतानं ओरडला, तेव्हा मित्रानं झडप टाकली आणि वरून पाणी सोडलं, बोट पुन्हा सरळ झाली. दोन मिनिटं उशीर झाला असता तर बोट गेली असती. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढं राहायचं, एवढा साधा नियम. मोबाईल खिशात.

बोट आमची आम्ही चालवू शकतो का?

हो, भाड्यानं मिळतात, लायसन्स लागत नाही, चालवायला शिकवून देतात. वेग चालणाऱ्या माणसाएवढा. फक्त लांबी बघून घ्या, या कॅनॉलचे लॉक ६२ फुटी बोटीच्या मापाचे आहेत, बाकी इंग्लंडात चालणारी ७० फुटी इथं मावत नाही. झडपा फिरवायचं हँडल म्हणजे विंडलास, तो कमरेला खोचून ठेवायचा. पाण्यात पडलेले विंडलास या कॅनॉलच्या तळाशी किती असतील देव जाणे, त्यातला एक माझा.

जायचं कसं, तिकीट किती?

तिकीट नाही, फुकट. लीड्स किंवा ब्रॅडफर्डवरून स्किप्टनकडे जाणारी ट्रेन, बिंग्लीला उतरायचं, लीड्सहून वीसेक मिनिटं, मग कॅनॉलच्या काठानं चालत पंधरा मिनिटं. शेवटचा चढ खडा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश. वर कॅफे आहे. ढोकळा, चिवडा घरून न्या.

पायात जोर असेल तर परत ट्रेननं येऊ नका, कॅनॉलच्या काठानं उलटं सॉल्टेअरपर्यंत चालत या, साधारण तीन मैल, सगळा उतार. वाटेत डाउली गॅपला दोन लॉकचा छोटा जिना लागतो आणि लगेच सात कमानींचा दगडी पूल, ज्यावरून कॅनॉल एअर नदी ओलांडतो. पाण्यावरून पाणी. खाली नदी वाहतेय आणि वर तुमच्या शेजारून बोट चाललीय. सॉल्टेअर म्हणजे टायटस सॉल्टनं १८५३ ला गिरणी उघडून कामगारांसाठी वसवलेलं अख्खं गाव, आता जागतिक वारसा. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्या मित्राला तिथून हलवताना मला दमछाक झाली.

आम्ही गेलो आणि तासभर थांबलो, एकही बोट आली नाही. आता?

होतं असं, हिवाळ्यात तर हमखास, शिवाय दुरुस्तीची कामंही तेव्हाच काढतात. उन्हाळ्यात सकाळी जरा उशिरा जा, गर्दी असते. तरी नाहीच आली तर सगळ्यात वरच्या दाराशी, काठापासून दोन पावलं मागे उभे राहा. डाव्या हाताला १७ मैलांचं सपाट पाणी, काचेसारखं, बदकंसुद्धा आळसावलेली. उजव्या हाताला पाच हौद एकाखाली एक, त्याखाली झाडं, गिरणीचं धुराडं, आणि एअरचं खोरं. मधे एक लाकडी दार. सासरे तिथं बाकावर बसले ते उठेचनात. बोट आली नव्हतीच. मी दोनदा विचारलं, निघायचं का. ते म्हणाले, “थांब जरा, हे दार गळतंय त्याचे थेंब मोजतोय.”